नवरदेवाची बॅटरीगाडी

— नाई नाई, चावीले हात नका लावू! अजून एकदा फिरवली असती ना ताई, तर आतलं सगळं वाइंडिंग जळून गेलं असतं. वास नाई येऊन राहिला का तुमाले? — काय म्हन्ता, मोटरवर अठ्ठेचाळीस व्होल्ट, कंट्रोलरवरबी अठ्ठेचाळीस, म्हनून जुळलं? कोन म्हने असं, गजेंद्र? — हो, नवरदेवाचं नाव माहीत हाय मले. तिगावचे संत्रावाले तुमी, आज संध्याकाळी इथंच लॉनवर लगन, आन् नवरदेव घोडीवर नाई, या गोल्फच्या गाडीवर येनार — अख्ख्या पांढुर्ण्याले माहीत हाय. हे पाहा इकडं. या मोटरीच्या फील्डच्या, म्हंजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीच्या, तारा बारीक हायेत. हिले तिथं थोडासाच करंट लागते, तोबी वेगळा. आन् तुमी आनलेला हा कंट्रोलर जाड तारांच्या मोटरीचा, सगळा करंट एकदम आत ढकलनारा. व्होल्ट जुळून काय होते?

पत्रिका तर आमचीबी जुळली होती. — कोनाची म्हंजे? माझी न् तुमच्या भावाची! ओळखलं नाई ना, अश्विनीताई? मी दामिनी, देवीदास मेकॅनिकची पोरगी. जामसांवलीच्या मारुतीचं दर्शन करून येता येता तुमी सगळे मले पाह्यला आले होते. पोहे मागून घेतले तुमी. त्या दिवशी सकाळपासून मी लिंबानं हात घासले, राखेनं घासले, रॉकेलनं घासले — सालटं निघाले, पन नखातलं काळं जाईना. आन् तुमच्या आईनं, लीलाबाईनं, माझा हात धरला, उलटा-सुलटा केला, न् सगळ्यांसमोर म्हने, ‘आपन सून पाह्यला आलो का मेकॅनिक?’ तुमी हसल्या. हसल्या ना? माझा बाप चहाचा ट्रे घेऊन तसाच उभा. आन् तुमचा भाऊ मान खाली घालून पोहे चिवडून राहिला होता. एक शबद बोलला असता तो, एक शबद! निळी साडी घाल म्हनून फोनवर त्यानंच तर सांगतलं होतं — कोनता फोन? फोन नाई म्हटलं मी. काई नाई म्हटलं. जाऊ द्या.

खरं सांगू? तुमची गाडी टेम्पोतून उतरताना पाहली ना, तवाच मनात आलं — हाच कंट्रोलर कसाबसा चालता करून द्यावा. गाडी अंगनात चार हात सरकन, तुमी खूश होऊन जासान, आन् मंग बँडासमोर, सगळ्या सोयऱ्यांसमोर भसकन धूर! लय गोड वाटलं व मले. अजूनबी वाटून राहिलं. पन लोक काय म्हनतीन? दामिनीच्या हाताची गाडी जळली म्हनतीन. ते नाई चालनार मले.

तो दुसरा कंट्रोलर पाहा, फळीवर. या मोटरीचा जोडीदार तोच, न् आज दुसरा तुमाले नागपूरपर्यंत भेटनार नाई. लावून देते. पन गाडी मी चालवीन. हो, मीच! गजेंद्र माझ्या बाजूले बसन, लीलाबाई मागच्या सीटवर — मंडपापर्यंत माझे हात पाहत. आन् हात मी धुनार नाई. हेच काळे हात स्टेअरिंगवर, फुलाच्या माळांमंधी, सगळ्यांनी पाहाचे, फोटोतबी आले पाह्यजेत. कबूल नसन तर न्या ढकलत. नाई तर नवरदेव येईन पायी.

आता रडता काहून? मी रडली होती, तवा कोन आलं होतं? फोन लावा आईले. — लागला? इकडं द्या.

हॅलो. — हो लीलाबाई, मेकॅनिकच बोलून राहिली.