अकरा जांभया

समारंभाच्या अध्यक्षस्थानी असलेले माननीय प्राचार्य विजयसिंह सर, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या रेक्टर शिवगंगाअक्का, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे बंधू सोमशेखरमामा, आणि मसालेभाताच्या वासानं चुळबुळणाऱ्या माझ्या मैत्रिणींनो,

मी अनुजा. चंदगडची. आता इथंच वनस्पतिशास्त्र शिकवते, पण लॉकडाऊनमध्ये अक्कांच्या वसतिगृहातली शेवटच्या वर्षाची मुलगी होते. सगळ्या जणी गावी गेल्या, तरी अक्कांनी हजेरी सोडली नाही. रोज संध्याकाळी फोन. "जेवलीस काय? झोप लागती काय?" आम्ही आपलं "हजर" म्हणून मोकळ्या.

मी मात्र खोटं बोलत होते. परीक्षा होणार, नाही होणार, ऑनलाइन होणार, पुढं गेली. रोज नवीन बातमी आणि छातीत तीच धडधड. तीन आठवडे डोळ्याला डोळा लागला नव्हता. दिवसा पुस्तक उघडलं की अक्षरं हलायची. शेवटी एका संध्याकाळी सांगून टाकलं, "अक्का, झोपच येत नाही. मी परीक्षा सोडते."

अक्कांनी उपदेश केला असेल असं वाटतंय ना? छे. म्हणाल्या, "ते बघू गं. आधी माझं एक काम कर. माझं गजराचं घड्याळ बंद पडलंय, दुकानं बंद हायत. सकाळी पाच पस्तीसला मला उठवशील काय? तुझ्याबिगर कोण हाय मला?"

आता आमच्या घरात रेंज कुठली? संध्याकाळच्या फोनलासुद्धा काजूच्या बागेतला चढ चढून जावं लागायचं. पण अक्का झोपून राहिल्या तर कसं, या काळजीत मी रोज पहाटे तो चढ चढले. अक्का जांभई देत फोन उचलायच्या, "उठले गं बाई." आठवड्याभरात मला नऊच्या ठोक्याला झोप यायला लागली. परीक्षा दिली. पास झाले. आणि पाच वर्षं मी मनात मिरवत होते, की अक्कांना मी उठवत होते.

गेल्या महिन्यात वसतिगृहाच्या ग्रुपवर विचारलं, अक्कांना भेट काय द्यायची? दहा जणींनी लिहिलं, गजराचं घड्याळ. स्नेहलला अक्कांनी पाचची वेळ दिली होती, दानेश्वरीला पाच पाचची, अशा पाच पन्नासपर्यंत मला धरून अकरा जणी. मी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई चारलाच उठतीया की. तिला घड्याळ कशाला लागतंय?" म्हणजे पूजा आटोपून, चहा पिऊन ही बाई रोज अकरा खोट्या जांभया देत होती. नाटकाचं बक्षीस आम्ही उगीच विद्यार्थिनींना देत आलो.

परवा अक्का मला म्हणाल्या, "निवृत्ती जवळ आली तशी झोप उडालीया गं. आता उठून करू तरी काय?"

म्हणून अक्का, घड्याळ आम्ही आणलेलं नाही. उलट आमची अकराही घड्याळं कालपासून बंद पडली आहेत. कुणाला किती वाजता उठवायचं, त्याची यादी तुमच्या पिशवीत ठेवली आहे. पहिलं नाव माझं, पाच वाजता.

एवढं ऐकून घेतलंत, सर्वांचे मनापासून आभार. थट्टेच्या भरात एखादा शब्द वावगा गेला असेल, तर लेकीचा म्हणून पोटात घाला. आणि अक्का, उद्या फोन मी जांभई देऊनच उचलणार आहे. तुम्ही आपली ती खरी समजा.