नावाच्या जागी

बोरी अरबच्या ऑनलाइन केंद्रात पंजाबराव रांगेत दुसरे होते. पुढे भागीरथाबाई, काचेपलीकडे कम्प्युटरवर निकिता. पंजाबरावांना घाई होती, पण त्यांच्या कानांना नव्हती.

"आजी, वारसाच्या अर्जात आजोबांच्या नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं आली."

"तूनंच तं टाकलं होतं माय, मागच्या खेपेले."

"मी बरोबरच टाकलं होतं. सर्व्हरले मराठी अक्षरं समजत नव्हती. काल त्याची सेटिंग दुरुस्त झाली."

"मंग आलं असंल नाव."

"आता टाकलं तं येते. आधीचं गेलं ते गेलंच. पुन्हा टाकावं लागते. सांगा."

"आधार कार्डावर हाय."

"आणलं?"

"घरी राह्यलं."

"मंग तोंडी सांगा. कागद मागंच पाह्यले मी. आज पाठवला नाही तं अर्ज रद्द होते."

"नयनचे बाबा."

"तसं नाही चालत, आजी."

"चाळीस वर्षं तसंच चाललं."

"नयनदादाले फोन लावू?"

"वावरात हाय तो. तिथं रेंज नाही."

"मंग कसं करता?"

"कान इकडं कर."

पंजाबरावांनी मान वळवली आणि ते रस्त्यावरचा रिकामा ऑटो पाहत राहिले. मागे कीबोर्ड वाजला.

"झालं, आजी."

"आता दिसते?"

"दिसते. मारोतराव."

"परत पुसल्या तं नाही जाणार?"

"नाही."

"मंग आणखी एकदा वाच."