शोभाले आधी सांगावं लागतं

माझं माहेर एरंडोलजवळचं, दिली धरणगावले. मालक जिनिंगमध्ये कामाले, मीबी तिथंच कापसातला कचरा निवडायची. थोरली पोर शोभा, तिच्या पाठची मंगल. काय सांगू तुम्हाले, शोभा दिसायले गोरीपान, पण हाक मारली तर पाहायची नही, अन् बोलली तर आपलंच बोलणं आपल्याले परत बोलून दाखवायची. तुम्ही आता त्याले स्वमग्न म्हणता, तव्हा धुळ्याच्या डॉक्टरनं मंदबुद्धी लिहून दिलं, अन् गल्लीतल्या बाया म्हणत, पोरीले बाहेरचं लागलं शे, भुतानं धरलं.

शाळेत पहिल्या बाई चांगल्या भेटल्या. शोभा दाराजवळच बसायची, दुसरीकडं बसायचीच नही, तर बाईंनी तिथंच बसू दिलं. घंटा झाली की कान दाबून ओरडायची, म्हणून बाई आधीच जवळ येऊन सांगत, शोभा, आता घंटा होईल. अशी दोन वर्षं गेली. पाटीवर स्वतःचं नाव लिहायले लागली. मालकानं ती पाटी पुसू दिली नही, दुसरी आणून दिली.

मग बाईंची बदली झाली जामनेरले. सोमवारी वर्गात नवे गुरुजी, त्यांनी पोरं उंचीप्रमाणं बसवली. शोभानं भिंतीवर डोकं आपटलं, तर तिले खेळाच्या सामानाच्या खोलीत टाकलं अन् बाहेरून कडी लावली, गप्प होईल म्हणे. मी दुपारी घ्यायले गेली तर नखं मोडलेली, दाराले रक्त. त्यानंतर नुसता शाळेचा निळा फ्रॉक दिसला तरी पोरगी उभ्या उभ्या मुतायची.

मी एसटीनं जामनेरले गेली, विचारत विचारत बाईंचं घर काढलं. बाईंचे डोळे भरून आले, म्हणाल्या, मला परत येता येणार नाही, पण तुम्ही तिला सगळं आधी दाखवा, शाळा रिकामी असताना न्या. म्हणून बठ्ठी, अख्खी उन्हाळ्याची सुटी रोज सकाळी मी तिले शाळेत न्यायची. आधी नुसतं फाटकापर्यंत, मग पायरीपर्यंत, मग शिपायाच्या हातापाया पडून वर्ग उघडून घेतला. गुरुजींची खुर्ची दाखवायची, तिची नवी जागा दाखवायची, त्या खोलीच्या समोरून हात धरून न्यायची. अन् जूनमध्ये पोरगी गेली हो शाळेत, महिनाभर गेली.

मग एक दिवस फाटकाशी खोदकाम निघालं, पोरं मागच्या दारानं घेतली. मले तरी कुठं माहीत व्हतं? शोभा खड्ड्यापाशी बसून राहिली. गुरुजींनी दंड धरून ओढलं, ती कडकडून चावली. त्याच दिवशी दाखला हातात दिला, म्हणे, उद्यापासून आणू नका. अन् मी, कसं सांगू, घरी आणून मी तिले झाडूनं मारलं. माझी बठ्ठी मेहनत गेली म्हणून मारलं. ती रडली नही. मार खात खात म्हणत राहिली, शोभा, आता घंटा होईल, शोभा, आता घंटा होईल.

आता ती मोठी झाली. डाळ निवडते, एक खडा राहू देत नही. मालक गेले, माझ्याबी छातीत दुखतं. मंगल एरंडोलले दिलेली, तिच्याकडं शोभाले नेते. आधी नुसतं ओट्यावर बसवून आणलं, मग जेवू घालून, आता माझ्यावाचून दोन-दोन दिवस राहते. परवा मंगल म्हणे, माय, अक्का आता तुले शोधत नही. मी तोंड धुवायच्या निमित्तानं मोरीत गेली. त्याच्यासाठीच तर केलं ना बठ्ठं. मंगलचं, तिच्या लेकरांचं भलं होवो.