आधी बत्ती, मग पिस्तूल

बर दुबईच्या दवाखान्यात सुजाता नंबरची वाट पाहत बसली होती. समोरचे दोघे मराठीत बोलू लागले, तशी तिने मासिक उघडं ठेवलं आणि कान तिकडे लावले. एकाच्या सिक्युरिटी गार्डच्या शर्टावर ‘सिरिल’ लिहिलेलं होतं.

“टोनी, पिस्तुलाखाली लावायची बत्ती मिळाली रे. मीच निवडली. हलकी आहे. जड असली की पिस्तुलाची नळी खाली झुकते.”

“आणि पिस्तूल?”

“परवाना पुढच्या महिन्यात. इन्शाल्ला.”

“हे तू ईस्टरलाही म्हणालेलास.”

“तेव्हा नुसतं इन्शाल्ला होतं. आता बत्ती आहे.”

“मग परवा गोडाऊनची लाइट गेली, तेव्हा माझ्याकडे काडेपेटी का मागितलीस?”

“ही बत्ती शोधाशोधीला वापरायची नसते. जिथे उजेड, तिथे नळी. ट्रेनिंगचा पहिला नियम.”

“पण नळी आहे कुठे?”

“नियम तो नियम.”

तेवढ्यात टोनीचं टोकन हातातून निसटलं आणि थेट सुजाताच्या खुर्चीखाली गेलं.

“दे ती बत्ती.”

“वेडा आहेस का? तिथे बाई बसल्यायत.”

“अरे, नुसती बत्ती तर आहे.” टोनीने ती सिरिलच्या कमरेवरून काढली आणि बटण दाबलं. झोत सुजाताच्या तोंडावर आला. मासिक खाली पडलं.

“आता पटलं?” सिरिल टोनीला म्हणाला. मग तो सुजाताकडे वळला. “सॉरी मॅडम. आप हाथ नीचे कर लीजिए.”

“आधी त्यांना बत्ती खाली घ्यायला सांगा,” सुजाता मराठीत म्हणाली.