बिडी सुटली तवाचा चहा

—न्हाई, तिसरा न्हाई मिळायचा. दोन झाले ना? बास. मगाशी तुमीच म्हणाला की शेजारच्याला, पंधरा दिस झाले बिडी सोडून, आता चहावर दिस काढतो — आलं माझ्या कानावर. कप बघा बशीत कसा वाजतोय तुमचा. झोप लागती का? न्हाई ना. छातीत धडधड? व्हय ना. बिडी सुटली म्हणून हुतंय, असं वाटत असंल. आमालाबी तसंच वाटलं.

आमचे मालक कंपनीच्या ह्याच गेटातनं आत जायचे — मारुतराव — तेरा वरसं पत्रा दाबायच्या प्रेसवर. दिवसाला दोन कट्टे बिडी अन् माझ्या हातचे आठ चहा. खोकला हटंना, तवा मीच त्यांना आकुर्डीच्या खंडोबाला नेलं, बिडीला शिवणार न्हाई म्हणून भंडारा उचलायला लावला. अन् सुटली की हो बिडी, एका दिसात! काय आनंद झाला मला — म्हटलं, तलफ आली की गेटावर या, मी चहा देते. आठाचे बारा झाले, बाराचे पंधरा. मीच द्यायची, वर साखर जादा घालून. मग हात कापायला लागले. लोक म्हणायचे, मारुतराव पितोय. अहो, थेंबाला शिवले न्हाईत कधी! बिडी सोडल्याच्या विसाव्या दिशी पाय मशिनच्या पायडलवर पडला अन् हात आतच ऱ्हायला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

दवाखान्यात एक नवा शिकून आलेला डॉक्टर हुता, त्यानं मला बाजूला घेतलं — बाई, बिडी वढणाऱ्याचं अंग चहा भराभर जिरवतं. बिडी थांबली की तोच चहा अंगात दुप्पट वेळ ऱ्हातो, साठत जातो. चहा निम्मा करायचा, तर तुमी वाढवलात? — आता मला काय ठावं? मायेनं दिला मी.

चौकशीला कंपनीच्या सायबानं इचारलं, बाई, हात कशानं कापत हुते, दारू का? तोंडाशी आलं हुतं माझ्या. पण ही टपरी कंपनीच्या भिंतीला टेकून, सायबाच्या मर्जीनं — अन् चहानं बोटं गेली म्हटल्यावर माझ्याकडं चहा कोण पिणार? गप बसले. कागदावर दारू लिवली त्यांनी, म्हंजी भरपाईबी न्हाई. — हे कुणाला सांगितलं न्हवतं मी. तुमाला का सांगतीय, देव जाणे. रडूबी येत न्हाई आता. काईच येत न्हाई.

मालक आता दापोडीला घरी बसून असतात. भंडारा मोडला, परत बिडी वढतात — डाव्या हातानं. रोज म्हणतात, छबू, तू बिडी सोडायला लावलीस म्हणून माझा हात गेला. मी व्हय म्हणते.

भोंगा झाला बघा. ठेवा तो कप. उद्या आलात तर अर्धाच मिळंल. जावा.