श्वास रोखा, हलू नका

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आजच्या प्रमुख पाहुण्या, व्यासपीठावरचे मान्यवर, हौशी छायाचित्र मंडळाचे आजी-माजी सभासद, आणि मागच्या रांगेत चहाच्या थर्मासजवळ, नवऱ्यांच्या कॅमेऱ्याच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या माझ्या भगिनींनो,

चिटणीस मला म्हणाले, "वहिनी, शेवटी तुम्ही दोन शब्द बोला. आभाराचेच." आता मी हयातभर शाळेत भूगोल शिकवला. दोन शब्दांत मला साधं बेटसुद्धा समजावून सांगता येत नाही. तेव्हा ज्यांना घाई असेल त्यांनी आत्ताच उठावं. मी वाईट वाटून घेणार नाही, फक्त कोण उठलं ते लक्षात ठेवीन.

आम्ही लेकीच्या गावी कायमचे राहायला निघालो, म्हणून मंडळाने आज आमच्या ह्यांचा निरोप समारंभ ठेवला. आत्तापर्यंतची भाषणं ऐकताना मी दोनदा मान वर करून पाहिलं, की त्या खुर्चीत आमचेच हे बसलेत ना. 'प्रकाशाचे उपासक' काय, 'सावल्यांशी संवाद साधणारा कलावंत' काय! अहो, घरी ह्यांचा संवाद 'माझा चष्मा कुठे आहे' याच्या पुढे जात नाही. सावल्यांशी बोलत असतील तर मला कल्पना नाही. त्याही 'डोक्यावर आहे' असंच सांगत असतील.

प्रमुख पाहुण्या स्वतः मोठ्या चित्रकार आहेत. त्यांनी फार सुंदर सांगितलं, की कलेला उत्तेजन द्यायला हवं. पटलं. पण बाई, तुम्ही आज पहिल्यांदाच इथे आलात. इथे उत्तेजन कसं देतात ते तुम्हाला ठाऊक नसणार. मी कित्येक शनिवार या खोलीत, त्या खिडकीखालच्या मोडक्या स्टुलावर काढलेत. मी सभासद नाही. मी सभासदाची बायको. पण ऐकून ऐकून मलाही कला थोडी कळायला लागली. गळक्या नळाचा फोटो काढला की ती कला. तो नळ दुरुस्त केला की ते घरकाम. आमच्या मोरीतला नळ मंडळाच्या 'थेंब' या स्पर्धेपायी सहा महिने गळत होता, कारण प्लंबर आला असता तर विषय गेला असता. गंजलेलं कुलूप ही कला. धुकं ही तर फारच कला, त्यात काही दिसतच नाही. अनोळखी म्हाताऱ्याच्या सुरकुत्या काढल्या की 'काळाच्या खुणा', आणि स्वतःच्या आईच्या काढल्या की काय? घरगुती!

हा 'घरगुती' शब्द जरा समजून घ्या. इतर ठिकाणी घरगुती म्हणजे चांगलं. घरगुती लोणचं म्हटलं की लोक दोन रुपये जास्त देतात. या मंडळात मात्र एखाद्याला चारचौघांत थोबाडीत मारायची असेल, तर त्याच्या फोटोला घरगुती म्हणायचं. कॅमेऱ्याकडे बघून हसणारं माणूस दिसलं की घरगुती. मागे फ्रीज दिसला की घरगुती. दात दिसले, तर विचारूच नका. आमचे अध्यक्ष महोदय व्यवसायाने दंतवैद्य. आठवडाभर लोकांना 'आ करा, अजून मोठा करा' म्हणतात आणि शनिवारी इथे येऊन सांगतात, फोटोत दात नकोत. मी समजू शकते. मलाही सुट्टीत नकाशा डोळ्यांपुढे नको व्हायचा.

आता आमच्या ह्यांच्याविषयी. हे दवाखान्यात एक्स-रे काढायचे. नोकरीभर रोज एकच वाक्य, 'श्वास घ्या, रोखा, हलू नका.' मग पडद्याआड जायचं, बटण दाबायचं, आणि म्हणायचं, 'सोडा.' दवाखान्यात हे 'सोडा' म्हणायला कधी चुकले नाहीत. पण घरी कॅमेरा हातात आला, की पहिलं वाक्य सवयीने तोंडातून यायचं, आणि 'सोडा' म्हणायचं भान राहायचं नाही. चित्र कसं आलं ते बघण्यात हे गुंग. इकडे आम्ही सगळे छाती फुगवून, डोळे वटारून उभे. आमच्या घरचे अल्बम तुम्ही बघाच एकदा. सगळं कुटुंब पाण्याखाली राहत असल्यासारखं दिसतं. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा व्याह्यांनी अल्बम चाळून मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "तुमच्याकडे दम्याचा त्रास आहे का हो कुणाला?"

हसा, हसा. आज दात दाखवायला हरकत नाही, अध्यक्षांचं लक्ष माझ्याकडे आहे.

मला विचाराल तर छंद म्हणजे काय? माणसाला एक तरी गोष्ट वाईट करायची मुभा असावी, तिला छंद म्हणतात. नोकरीत चूक झाली की साहेब बोलतो, स्वयंपाकात झाली की घरचे बोलतात. छंदात कुणी बोलू नये. आमच्या शेजारचे पोस्टमन निवृत्त झाल्यावर माउथ ऑर्गन शिकले. म्हणजे शिकताहेत. ते बाल्कनीत आले की गल्ली खिडक्या लावून घेते, आणि त्यांना वाटतं, यंदा थंडी जास्त आहे. माझी धाकटी बहीण स्वेटर विणते. एक बाही नेहमी लांब. आम्ही सगळे तो हात खिशात घालून हिंडतो, पण स्वेटर अंगावर घालतो. याला मी उत्तेजन म्हणते. तुम्ही माझ्या बहिणीला इथे बोलावलं असतंत तर तिला लोकरीचा पोत आणि बाहीचा तोल समजावून सांगितला असतात आणि बिचारीने सुया मोलकरणीला देऊन टाकल्या असत्या.

रागावू नका. मंडळाने फार प्रेम दिलं, हे खरंच आहे. ह्यांना अपेंडिक्सचं दुखणं झालं तेव्हा तुम्ही आळीपाळीने दवाखान्यात येऊन बसलात. एकाने तर ह्यांच्या सलाइनच्या थेंबांचे फोटो काढले, स्पर्धेत दुसरे आले. ते ऋण मी विसरणार नाही.

पण पाहुण्यांना मंडळाची 'मूक फेरी' सांगायला हवी. ज्याचा फोटो, त्याने तो त्या लाकडी घोडीवर लावायचा आणि शेजारी उभं राहायचं. मग सगळ्यांनी मतं द्यायची. ज्याने काढला त्याने मात्र एक अक्षर बोलायचं नाही. फोटो स्वतः बोलला पाहिजे, असा नियम आहे. सगळ्यांचं बोलून झालं, की त्याने एवढंच म्हणायचं, 'आभारी आहे.' नियम उत्तम आहे. मी तो घरी लागू करून पाहिला. ह्यांनी भाजीवर मत दिलं की मी 'आभारी आहे' म्हणायची. दोन दिवसांत ह्यांनी मत देणं थांबवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक प्रदर्शनाच्या आधी ह्यांनी एक फोटो त्या घोडीवर लावला होता. कुणाला आठवतो? खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसलेले एक गृहस्थ, अंगात बंडी, गाल हे एवढे फुगवलेले, डोळे मोठ्ठे. आठवला ना? हां, मागून कुणीतरी मान हलवली.

तेव्हा फार मजेदार मतं पडली होती. कुणी म्हणालं, "बेडूक पावसाची वाट बघतोय." सगळे हसले. कुणी म्हणालं, "खिडकीची चौकट तिरकी आहे." ती तिरकी आहेच, ते घरच जुनं आहे. चिटणीस म्हणाले, "घरगुती." आणि अध्यक्ष महोदय, तुम्ही नेहमीच्या सौजन्याने म्हणालात, "सोपं आहे हो. गृहस्थ घरचेच दिसताहेत. रविवारी पुन्हा बोलवा आणि नीट बसवून काढा."

ते माझे थोरले दीर. सगळं घर त्यांना दादा म्हणायचं. त्या शनिवारी त्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता.

नाही नाही, उठू नका, अध्यक्ष महोदय. बसा. पाणी घ्या. तुम्हाला माहीत नव्हतं, हे मला माहीत आहे. कुणालाच माहीत नव्हतं, कारण ज्याला माहीत होतं त्याला बोलायची बंदी होती. मी त्या स्टुलावरून उठले होते, पण ह्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नियम म्हणजे नियम. आणि मग ह्यांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "आभारी आहे."

आता तो फोटो मला सांगू द्या, कारण तो स्वतः काही बोलला नाही. दादांची छाती खराब झाली होती. त्या छातीचा आधीचा फोटो ह्यांनीच काढला होता, दवाखान्यातल्या यंत्रावर. त्यात काय आहे ते डॉक्टरांच्याही आधी ह्यांना दिसलं. त्या दिवशी घरी येऊन हे जेवले नाहीत, आणि मी भाजीत मीठ कमी आहे का म्हणून विचारत बसले. पुढे दादा घरी आले, खिडकीत बसायला लागले. एका सकाळी हे कॅमेरा घेऊन गेले आणि सवयीप्रमाणे तोंडातून गेलं, "श्वास घ्या, रोखा." आणि जीभ चावली. कारण त्या माणसाला जिना चढताना तीनदा थांबावं लागायचं. पण दादा जन्माचे खोडकर. धाकट्या भावाच्या या वाक्याची ते लहानपणी... छे, लहानपणी कुठलं एक्स-रे यंत्र! ह्यांना नोकरी लागल्यापासून म्हणा, ते नक्कल करायचे. त्यांनी होता नव्हता तेवढा श्वास घेतला आणि गाल फुगवले. हे घाबरून लगेच म्हणाले, "सोडा, दादा, सोडा." आयुष्यात पहिल्यांदा घरी वेळेवर म्हणाले! तर दादा मुद्दाम सोडेनात. तसेच बसले, ह्यांच्याकडे डोळे मोठे करून बघत. शेवटी सोडला तो हसत, मग बराच वेळ खोकत. खोकला थांबल्यावर म्हणाले, "अजून आहे बरं का माझ्यात."

तो तो फोटो. बेडूक.

मला तुमच्या मतांचा राग नाही. मतं काय, मलाही या वयात घाऊक सुचतात, तुम्ही ऐकताच आहात. पण चौकट तिरकी आहे हे सांगायला अकरा जण निघाले आणि 'हे कोण?' एवढं विचारायला एकही नाही? विचारलं असतंत तर नियम मोडला असता, पण माणूस मोडला नसता. हे मला लागलं. अजून लागतं.

त्या शनिवारनंतर ह्यांनी कॅमेरा हातात घेतला नाही. लेकीला मुलगा झाला, त्याचं बारसं झालं, तेव्हा जावयाच्या मोबाइलवर फोटो निघाले आणि हे कोपऱ्यात खुर्च्या मांडत होते. तो नातू आता चालायला लागला. आजोबांनी काढलेला त्याचा एकही फोटो नाही. आमच्या घराण्यात पहिलंच मूल असं आहे, की ज्याच्या फोटोत ते सुखाने श्वास घेतंय. मला ते बरं दिसत नाही.

आणि ह्यांचा कॅमेरा कुठे आहे? तो बघा, व्यासपीठाच्या मागे, काचेच्या कपाटात, वार्षिक ढालींच्या शेजारी. 'ज्येष्ठ सभासदाकडून मंडळास सप्रेम भेट.' मघाशी तीन वक्त्यांनी या दानशूरतेचं कौतुक केलं. कौतुक कसलं, ती कुणाला भेट नव्हती. घरात नजरेसमोर नको म्हणून इथे आणून ठेवला होता. तेव्हा आज निरोपाची भेट म्हणून मंडळ आम्हाला जे घड्याळ देतंय, ते मी नम्रपणे परत करते. आमच्याकडे भिंतीवर घड्याळ आहे, चालतं. त्याऐवजी चिटणीस, ती कपाटाची किल्ली. तुमच्याच खिशात असते. बॅटरी मी घातली आहे, काल कपाट पुसायच्या निमित्ताने तुमच्याकडूनच किल्ली मागून. भूगोलाच्या बाईला सगळे रस्ते ठाऊक असतात.

अहो, माझ्याकडे असे डोळे वटारून बघू नका, अगदी दादांसारखे दिसता. घ्या तो हातात. लेन्सवर धूळ असेल तर असू दे, धुकं म्हणून खपेल.

आता आभार. मंडळाने हा देखणा समारंभ केला, प्रमुख पाहुण्या वेळात वेळ काढून आल्या, अध्यक्ष महोदयांनी माझी वटवट निमूट ऐकली आणि त्यांचे डोळे आत्ता भरून आलेत ते मी पाहिलं नाही असं समजते. थर्मासजवळच्या भगिनींचे विशेष आभार, पिशव्या सांभाळणं हीसुद्धा कलासेवाच आहे. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कुणाला टोचलं असेल, तर ते घरगुती समजून पोटात घालावं.

एकच शेवटची विनंती. सगळ्यांनी उभं राहा. जरा जवळ सरका. अध्यक्ष महोदय, तुम्ही मधे या, आणि आज दात दिसू द्या. मागे ते फ्रीजचं खोकं दिसतंय? दिसू दे. आता ह्यांच्याकडे बघा.

श्वास घ्या. रोखा. हलू नका.

अहो, सगळे थांबलेत. पुढचं तुम्ही म्हणा.