बू तुमिनींची सर्दी

जावातल्या क्लातेनच्या सरकारी दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर एक टेम्पे, म्हणजे बुरशीनं घट्ट धरलेल्या सोयाबीनच्या वड्या, करणारी म्हातारी आणि तिची तरुण शेजारीण बसल्या होत्या.

"दोन खेपा वाया गेल्या, लास्त्री! सोयाबीन तसंच ओलं, मोकळं. पांढरी बुरशी चढलीच नाही."

"केळीच्या पानात बांधलंत का, बू तुमिनी?"

"मी? वारूच्या झाडाच्या पानाशिवाय मी बांधतच नाही. त्याच्या लवेवर बुरशी कशी माहेरी आल्यासारखी वाढते."

"मग झालं काय?"

"होणार काय, सून! पाळी असताना शिवली असणार. परवा लग्नघरी टेम्पे द्यायचंय आणि हे असं!"

"बू, तुमच्या हातांना कसला वास येतोय हो?"

"मला कुठला वास येतोय, नाक चोंदलंय. कायुपुतीचं तेल असेल. सर्दीवर चोळते सकाळ-संध्याकाळ."

"आणि त्याच हातांनी सोयाबीन कालवता?"

"मग काय पायांनी कालवू?"

"अहो, त्या तेलापुढे भलेभले जंतू टिकत नाहीत, तिथं तुमची बुरशी जगेल?"

"अगं बाई."

"काय झालं, बू?"

"सून म्हणाली होती, 'आई, तेल लावलंय तर आज मी कालवते.' मला वाटलं, बया माझं पातेलं बळकावतेय."

"मग आता घरी जाऊन तिला काय सांगाल?"

"सांगेन, डॉक्टर म्हणाले सर्दी महिनाभर हटायची नाही. तोवर तूच कालव."